आवळणं आणि सोडणं

९ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता कपाटावर टाकशील. टाक. कधीतरी धूळ पुसायला वर चढशील तेव्हा वाच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा उद्योग. दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडून देणारी मी, आणि माझा फोन सख्खी बहीण उचलत नाही. लोकांना सांगितलं तर हसतील.

एक विचारायचं होतं. आई शिंक यायच्या आधी पाय एकमेकांत अडकवून उभी राहायची, आठवतं? हातात काही असलं तर आधी ते खाली ठेवायची, भिंतीला हात लावायचा, पायाची अढी घालायची आणि मग शिंकायची. आपण दोघी तिची नक्कल करून लोळायचो. ती कधी रागावली नाही, पण हसलीही नाही. ती असं का करायची, हे तुला कधी कळलं का?

विचारायचं कारण असं. आमच्या हॉस्पिटलात खालच्या मजल्यावर एक विभाग आहे, फोनचा आतला नंबर दोनशे चौदा. माझ्या टेलिफोन बोर्डावर येणाऱ्या फोनमध्ये हृदय मागणारे मोठ्याने बोलतात, हाडं मागणारे कण्हत बोलतात, आणि दोनशे चौदा मागणाऱ्या बायका एकदम आवाज खाली आणतात. “तो… तो बायकांचा व्यायामाचा विभाग आहे ना, तो द्या.” अकरा वर्षं मी तो जोडून देतेय. तिथे नक्की काय चालतं हे मी कधी विचारलं नाही. परवा आमच्या ऑफिसातली एक बाई तिथे जाऊन आली. तिला खोकलं की, हसलं की, थोडी लघवी होते. शिवाय संध्याकाळी खाली काहीतरी ओघळून आल्यासारखं जड वाटतं. दोन बाळंतपणं झालेली, वय बावन्न. तिला वाटायचं, वय झालं, चालायचंच. तिथल्या फिजिओबाई म्हणाल्या, “हे खूप जणींना होतं. पण खूप जणींना होतं म्हणून ते सोसायचंच असतं, असं कोणी सांगितलं?”

मला फार नवल वाटलं. तुला वाटेल का?

धाकटी


२० जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

ती ऑफिसातली बाई मीच. तू पहिल्या चार ओळींतच ओळखलं असशील. लहानपणीही मी “एका मुलीने बरणी फोडली” म्हणायचे आणि तू माझ्याकडे नुसती बघायचीस.

एक सांगितलंय तर दुसरंही सांगते. भाऊजी गेले त्या दिवशी मी तुला कळवलं की रजा मिळाली नाही. तू आमच्या बोर्डावर फोन केलास आणि माझ्या जागी बसलेली बाई म्हणाली, “ती तर सकाळीच तुमच्याकडे निघाली.” ते मला नंतर समजलं. तेव्हापासून आपलं बोलणं तुटलं, आणि तुझं काही चुकलं नाही. मी खोटंच बोलले होते. फक्त कुठलं खोटं, ते तुला माहीत नाही.

मी निघाले होते. सात तासांचा प्रवास म्हणून रात्री निरोप आला तेव्हापासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. हे माझं नेहमीचंच. बाहेर जायचं तर पाणी बंद; कुठेही गेले की आधी संडास कुठे आहे ते बघायचं; गडद रंगाचेच कपडे घालायचे; पर्समध्ये घड्या घातलेलं फडकं ठेवायचं. ह्यांना वाटायचं, मी आळशी झालेय, म्हणून फिरायला येत नाही. मीही तसंच वाटू दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बसमध्ये घसा कोरडा पडला आणि खोकल्याची उबळ आली. थांबेचना. फडकं भिजलं, कपडे भिजले, सीट भिजली. शेजारच्या बाईने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. कंडक्टर म्हणाला, “काही सांडलं का?” मी म्हटलं, “पाण्याची बाटली.” माझ्याकडे बाटली नव्हती, हे त्यालाही दिसत होतं. पुढच्या थांब्यावर उतरले. तिथल्या बाकावर ऊन लागेल अशी बसले, कपडे सुकेपर्यंत. मग परत येणारी बस धरली.

तुझ्या दारात तशी कशी येणार होते? तुझ्या घरात माणसं जमलेली. मला वाटलं, खोटं बोलणं सोपं.

आता तुला हवं तर फाडून टाक.

धाकटी


११ फेब्रुवारी

ताई,

तू उत्तर देत नाहीस, पण पत्र परतही पाठवत नाहीस. मी यावरच खूश आहे.

दोनशे चौदामध्ये आता माझी चौथी खेप झाली. तुला सगळं सांगायलाच हवं, कारण मला दुसरं कोणी सांगायला नाही आणि पोटात मावत नाही इतकं नवल आहे. बावन्न वर्षं ज्या शरीरात राहतेय, त्याच्या तळमजल्यावर कोण राहतं हे मला माहीतच नव्हतं!

फिजिओबाई माझ्या मुलीच्या वयाची आहे. कापलेली नखं, मोठा चष्मा, आणि कुठलाही शब्द उच्चारताना तिचा आवाज खाली जात नाही. तिच्या टेबलावर प्लास्टिकचा हाडांचा सांगाडा आहे, कमरेचा तेवढाच. त्याच्या खालच्या भोकात लाल रबराचे पट्टे ताणून बसवलेत. ती म्हणाली, “ही झोळी. पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत. मूत्राशय, गर्भाशय, आतडं, सगळं हिच्यावर टेकलेलं. झोळी ढिली पडली की वरचं सामान खाली येतं आणि तोंडं नीट बंद होत नाहीत.” मी बोट घालून बघितली. इतकी साधी गोष्ट! आपल्याला शाळेत बेडकाचं पोट दाखवलं, हे कोणी दाखवलं नाही.

पहिल्या दिवशी तिने नुसते प्रश्न विचारले. किती पाणी पिता, किती वेळा जाता, शौचाला जोर करावा लागतो का, जुना खोकला आहे का. तीन दिवस सगळं वहीत लिहून आणायला लावलं. वही बघून म्हणाली, “तुम्ही पाणी तोडलंत म्हणून लघवी तिखट झाली. ती मूत्राशयाला टोचते आणि घाई आणखी वाढते. वर बद्धकोष्ठ, त्यासाठी रोजचा जोर. झोळीवर दोन्हीकडून मार.” म्हणजे जो उपाय म्हणून मी इतकी वर्षं करत होते, त्यानेच दुखणं पोसलं.

मी ऐटीत म्हटलं, “मला तो आवळायचा व्यायाम येतो, मासिकात वाचून करते कधीतरी.” ती म्हणाली, “करून दाखवा.” माझ्या ओटीपोटावर गार जेल लावून तिने यंत्राचा दांडा टेकवला. पडद्यावर करडं करडं काहीतरी, ढगाळ हवेसारखं. मी जीव खाऊन आवळलं. पडद्यावरची एक रेघ खाली गेली.

“तुम्ही ढकलताय,” ती म्हणाली. “मला वर उचललेलं हवंय.”

“मी आवळतेय!”

“तुम्ही श्वास रोखून, पोट फुगवून खाली जोर देताय. चारचौघांत बसलाय आणि वारा सरणार आहे असं समजा. तो थांबवा. पोट मऊ, मांड्या मऊ, श्वास चालू.”

मला हसू आलं आणि हसताना झालंच थोडं. ती म्हणाली, “छान, आता कळलं ना कुठे लक्ष द्यायचं?” मग मी डोळे मिटून तो चारचौघांतला प्रसंग मनात आणला. डोळे उघडले तर ती रेघ वर उचललेली! बोटभरसुद्धा नव्हती, पण वर. मी पुन्हा केलं. पुन्हा वर. ताई, मी त्या टेबलावर लहान मुलासारखी तेच करत बसले, दिवा लाव, दिवा घालव.

खाली ओघळल्यासारखं वाटायचं, त्यासाठी तिने वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्यांनी तपासून एक मऊ रबरी कडी आत बसवून दिली. ती आतून आधार देते. मला वाटलं होतं थेट ऑपरेशन सांगतील. त्या म्हणाल्या, “ते दार उघडंच आहे, पण आधी हे करून बघू.” कडी आत आहे हे आता मला आठवतही नाही.

तुझ्यासाठी व्यायाम वेगळ्या कागदावर लिहून पाठवतेय. आवळून आठ आकडे धरायचं, सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. खोकला किंवा शिंक यायच्या आधी झटकन आवळायचं. तू दिवसभर शिलाई मशीनवर बसतेस, मांडीत पडद्यांच्या कापडाची ओझी घेतेस, तुलाही असणारच. आईला होतं, मला आहे, तू कुठून सुटणार?

धाकटी


१६ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं म्हणून आधी आनंदाने नुसती बघत बसले, मग वाचलं. “तुझे व्यायाम तीन आठवडे केले. आता मशीनवर बसवत नाही. खालून सुरी फिरवल्यासारखं दुखतं. लघवी सुरू होतानाच अडखळते. पुरे झाली तुझी हुशारी.”

मी ते कार्ड घेऊन तशीच खाली गेले. फिजिओबाईने वाचलं. चष्मा काढला. मला म्हणाली, “तुम्ही त्यांना तपासलंत?”

“मी कशी तपासणार?”

“मग व्यायाम कसा दिलात?”

ती रागावली नाही, पण खुर्ची पुढे ओढून बसली. तिने यंत्र लावलं त्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे, की सगळ्यांची झोळी ढिली नसते. काहींची उलटी असते, घट्ट मुठीसारखी, कधी सुटतच नाही. मग बसताना दुखतं, लघवी थांबत थांबत होते, शौचाला त्रास. अशा मुठीला आणखी आवळायला सांगायचं म्हणजे आखडलेल्या पोटरीला पळायला सांगण्यासारखं. हे मी ऐकलंच नव्हतं. मी त्या वेळी पडद्यावरच्या माझ्या रेघेकडे बघत होते.

उंटावरून शेळ्या हाकल्या मी. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, तेही दुसऱ्याच्या. चुकलं माझं, ताई. व्यायाम आजच बंद कर. तिचा निरोप आहे. आणि लघवी अजिबातच झाली नाही, किंवा ताप आला, रक्त दिसलं, पाय किंवा मांड्यांमधली जागा बधिर वाटली, तर कशाचीही वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हेही तिनेच लिहायला सांगितलं.

पण मला एक कळत नाही, आणि विचारल्याशिवाय राहवत नाही. तुला जर काहीच त्रास नव्हता, तर माझ्यासारख्या खोटारडीने पाठवलेला व्यायाम तू तीन आठवडे कशाला केलास?

तुला आधीपासून दुखतंय. हो ना?

धाकटी


२ एप्रिल

ताई,

पाच पानं! मी ती जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि जेवायची राहिले.

भाऊजी अंथरुणाला खिळलेले होते त्या सव्वा वर्षात तू त्यांना एकटीने उचलायचीस, कूस बदलायचीस, हे मला ठाऊक होतं. पण तू श्वास धरून, दात आवळून, सगळं अंग आवळून ते करायचीस, आणि ते गेल्यावरही ते आवळणं सुटलंच नाही, हे तू कोणाला सांगितलंस? मशीनवर एका बाजूवर टेकून बसतेस. संडासात पंधरा मिनिटं लागतात. डॉक्टरांनी दोनदा लघवी तपासली, काही निघालं नाही, “मनाला लावून घेऊ नका” म्हणाले. आणि तू खरंच मनाला लावून घ्यायचं सोडून दिलंस, दुखणं मात्र तिथेच.

मी इथे हळहळले, ह्यांच्यापाशी थोडी रडलेही. ह्यांना आता सगळं सांगितलंय. ते म्हणाले, “म्हणजे तू मला कंटाळली नव्हतीस?” बघ, एका झाकल्या मुठीत किती जण अडकतात.

मग डोळे पुसले आणि मला जे येतं ते केलं. फोन. तुझ्या गावातली सगळी हॉस्पिटलं, त्यांचे बोर्ड. तिथेही माझ्यासारख्याच बायका बसलेल्या. पहिलीने मला बाळंतपणाच्या वॉर्डाला जोडलं, दुसरीने मूतखड्याच्या डॉक्टरांना. तिसरीला मी म्हटलं, “बाई, मीही बोर्डवालीच आहे, मला फिरवू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणारं तुमच्याकडे कोणी आहे का?” तिने आवाज खाली आणला. म्हणाली, “दर मंगळवारी येतात एक. मी स्वतः जाते त्यांच्याकडे.”

तर मंगळवार, सकाळी साडेदहा, तुझं नाव लिहून घेतलंय. सोबतच्या कागदावर पत्ता आहे. आवळायला सांगितलं तर आधी विचार, “माझं ढिलं आहे की घट्ट, ते तपासून सांगा.” आतून तपासायचं की नाही, हे तुझ्या हातात, नको म्हणालीस तर त्या थांबतील. हेही मी विचारून घेतलंय.

जाशील ना?

धाकटी


२८ मे

ताई,

तुझं पत्र वाचताना मी मोठ्याने हसले. आधी आवळून, मग हसले. कोरडी!

“बाई म्हणाली, सोडा. मी म्हटलं, सोडलंय. ती म्हणाली, नाही सोडलेलं. मी म्हटलं, यापेक्षा सोडलं तर टेबलावरून खाली पडेन.” अगदी तूच! आणि तिने तुझ्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास खालपर्यंत सोडायला शिकवला, तेव्हा तुला एकदम रडू आलं, आणि का ते कळलं नाही. मी हे माझ्या फिजिओबाईला विचारलं. ती म्हणाली, होतं तसं, पुष्कळ जणींना होतं. यापुढे तिने काही सांगितलं नाही आणि मीही पहिल्यांदाच खोदून विचारलं नाही.

तुझ्या आणि माझ्या धड्यांत गंमत बघ. मला उचलायचं, तुला सोडायचं. मी कितीदा आवळलं ते मोजते, तू गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून राहतेस. सारखं एवढंच, की शौचाला बसताना पायाखाली छोटं स्टूल, दोघींनाही जोर करायची बंदी. मशीनची खुर्ची बदललीस आणि दर अर्ध्या तासाने उठतेस, हे उत्तम. पंधरा मिनिटांची पाच झाली, हे त्याहून उत्तम. दुखणं अजून आहे म्हणतेस. माझंही सगळं गेलं नाही. दिवसाला चारदा व्हायचं ते आता आठवड्यातून एखाद्या वेळी. जोराची शिंक अचानक आली की हरते मी.

मी दहा तारखेला येते. रजा खरंच मिळाली आहे. वाटल्यास बोर्डावर फोन करून खात्री कर.

धाकटी


२१ जून

ताई,

पोचले. तू दिलेली पिशवी शिवण न उसवता घरी आली.

बसमध्ये काय झालं ते तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते. येताना पाणी प्यायले, नेहमीसारखं. तीनदा बस थांबली, तीनदा उतरले. एकदा घाई वाटली तेव्हा थांबा अर्ध्या तासावर होता. पूर्वी मी जागच्या जागी मेले असते. आता शिकवल्याप्रमाणे स्वस्थ बसले, चार-पाचदा झटकन आवळलं, खिडकीबाहेरचे विजेचे खांब मोजले. सत्तावीस खांबांत घाई ओसरली. शेजारी एक बाई होती, पाय घट्ट जुळवून बसलेली, हातातलं पाणी न पिता तशीच धरून. मी तिच्याकडे दोन-तीनदा बघितलं. मग आपलं आपणच म्हटल्यासारखं म्हटलं, “मला खोकला आला की होतं. उपाय करतेय.” दहा मिनिटं गेली. मग म्हणाली, “कुठे करता?”

तुझ्याकडे तिसऱ्या दिवशी त्या पडद्याच्या दोरीत मी अडकले आणि आपण दोघी हसत सुटलो, तेव्हा मला झालंच थोडं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा मी ते झाल्या झाल्या घरच्या माणसाला तोंडावर सांगितलं. तू म्हणालीस, “जा, बदलून ये, चहा गार होतोय.” एवढंच. आणि तू उशी न घेता पूर्ण अर्धा तास बसलीस, ते मी बघितलं होतं, पण दृष्ट लागेल म्हणून बोलले नाही.

एक गोष्ट मात्र मी तुझ्यापासून लपवली. ती सांगायला हे पत्र. निघायच्या आदल्या दुपारी तू भांडी विसळत होतीस. माझ्याकडे पाठ, नळ चालू. तू म्हणालीस, “त्या दिवशी भिजलेली आली असतीस, तरी मी तुला घरात घेतलं असतं.”

मी म्हटलं, “काय?”

मला ऐकू आलं होतं, ताई. माझं पोटच कानांवर चालतं, नळाच्या आवाजाने मला काय होणार? फक्त ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं. आणि तू म्हणालीस, “काही नाही. ते फडकं दे.”

धाकटी